सकाळी उपाशीपोटी गरम पाणी आणि मध : बाबांची शुगर बॉर्डरवर आहे, चालू ठेवू द्यावं का?

घाटमाथा_कराड

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितेय, वेळ काढून वाचा प्लीज.

माझे बाबा ६४ वर्षांचे, कराडला असतात. रिटायर झाल्यापासून तब्येतीकडे मनापासून लक्ष द्यायला लागलेत, रोज चालतात, तेलकट कमी केलंय, सगळं छान. पण गेले काही महिने सकाळी उठल्या उठल्या मोठा ग्लासभर कडकडीत गरम पाणी, त्यात मध दोन मोठे चमचे आणि अर्धं लिंबू असं चालू केलंय. त्यांच्या फिरायच्या ग्रुपमधले सगळेच घेतात. चरबी वितळते, आतडी धुऊन निघतात, शरीरातले टॉक्सिन बाहेर पडतात, सांधे मोकळे होतात, कोलेस्टेरॉल उतरतं असले मेसेज येत असतात आणि बाबा ते मलाही फॉरवर्ड करतात.

आता अडचण अशी की मागच्या तपासणीत त्यांची फास्टिंग शुगर ११८ आली आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.२. डॉक्टरांनी गोळी नाही दिली, म्हणाले गोड कमी करा, चालणं वाढवा, तीन महिन्यांनी परत बघू. बाबांनी लगेच चहातली साखर बंद केली, मिठाई बंद केली, पण मध मात्र चालूच. म्हणतात अगं मध म्हणजे साखर नव्हे, तो नैसर्गिक आहे, औषध आहे.

त्यात आत्या आली होती मागच्या आठवड्यात, तिने बघितलं आणि म्हणाली दादा गरम पाण्यात मध घातला की त्याचं विष होतं, आयुर्वेदात लिहिलंय. तेव्हापासून बाबा थोडे घाबरलेत पण बंद काही केलं नाही. आणि आता आईचं म्हणणं की वहिनीच्या बाळाला (आठ महिन्यांची आहे) सर्दी झालीय तर कोमट पाण्यात मधाचा थेंब टाकून चाटवू, आमच्याकडे बाळ जन्मल्यावर मध चाटवायची पद्धत आहेच.

तर मला खरंच समजून घ्यायचंय की ह्या मधपाण्याने नक्की होतं काय, बाबांना चालेल का, पाणी किती गरम असावं, मध कुठला घ्यावा. आईला थायरॉईडची गोळी असते सकाळी, तिलाही बाबा आग्रह करतायत. बाबांना "बंद करा" एवढंच सांगून ते ऐकणार नाहीत, त्यांना कारण लागतं, म्हणून इथे विचारतेय.

चिमूटभर_हळद

बाकीचं नंतर वाचा, आधी वहिनीला फोन करा. बाळाला मध अजिबात नको. एक थेंब नको, बोटाला लावून नको, पाण्यात घालून नको, एक वर्ष पूर्ण होईपर्यंत नाही म्हणजे नाही.

मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे बरीच वर्षं म्हणून कळकळीने सांगतेय. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मध कितीही शुद्ध असला, घरच्या पेटीतला असला तरी असू शकतात, कारण ते मातीत, धुळीत सगळीकडे असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत, आपण खातो आणि काही होत नाही. पण वर्षाच्या आतल्या बाळाचं आतडं अजून तयार झालेलं नसतं, तिथे ते रुजतात आणि विष तयार करतात, त्याने स्नायू लुळे पडतात. आधी शी होणं बंद होतं, मग दूध ओढायला जोर लागत नाही, रडण्याचा आवाज बारीक होतो, पापण्या खाली येतात, मान टाकायला लागतं, आणि पुढे श्वासाचे स्नायू अडकले तर व्हेंटिलेटर. हे लगेच दिसत नाही, काही दिवसांनी, कधी तीन-चार आठवड्यांनीसुद्धा दिसतं, त्यामुळे मधाशी संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि पाणी गरम आहे म्हणून चालेल असं नाही हां. हे बीजाणू उकळत्या पाण्यातसुद्धा मरत नाहीत, कोमट पाण्याने काय होणार. दुर्मिळ आजार आहे हे खरं, पण टाळणं आपल्या हातात आहे तर कशाला. "आमच्या चारही मुलांना चाटवलं काही झालं नाही" हे आई म्हणतीलच, त्यांच्याशी वाद घालू नका, डॉक्टरांनी सांगितलंय एवढं सांगा. बाळाला सर्दी आहे तर नाकात सलाईनचे थेंब, अंगावरचं दूध जास्त वेळा, डोक्याखाली उशी न देता थोडा वेळ उभं धरणं, आणि ताप असेल किंवा श्वास जोरात चालत असेल, छाती आत ओढली जात असेल तर सरळ दवाखाना. वहिनीने स्वतः मध खाल्ला तर चालतं, दुधातून काही जात नाही.

वर्षावरच्या मुलाला मात्र खोकल्यात झोपताना अर्धा-एक छोटा चमचा मध खरंच उपयोगी पडतो, ते नुसतं आजीबाईचं म्हणून सोडून द्यायचं नाही. उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१८ मध्ये साध्या खोकल्यासाठी अँटिबायोटिकच्या आधी मध सुचवलाय.

ताटवाटी

मी आहारतज्ज्ञ आहे, पुण्यात प्रॅक्टिस करते. बाबांना कारण लागतं म्हणालात ते आवडलं, तर आपण आकड्यांनी बोलू.

मधात साधारण ८० टक्के साखर असते आणि १७-१८ टक्के पाणी. साखर म्हणजे मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज, फ्रुक्टोज थोडं जास्त. उरलेल्या दोनेक टक्क्यांत एन्झाइम, परागकण, थोडी खनिजं, थोडे अँटिऑक्सिडंट हे सगळं. एका टेबलस्पूनमध्ये म्हणजे मोठ्या चमच्यात जवळपास २१ ग्रॅम मध बसतो, त्यात १७ ग्रॅम साखर आणि ६४ कॅलरी. बाबा दोन घेतात म्हणजे सकाळी तोंड धुतल्या धुतल्या ३४ ग्रॅम साखर पोटात. चहाच्या एका छोट्या चमच्यात साखर येते ४ ग्रॅम. म्हणजे हिशोब करा, चहातली साखर बंद करून त्यांनी जे वाचवलं त्यापेक्षा जास्त ह्या एका ग्लासातून परत आलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेची मर्यादा सांगितली त्यात मधाची साखर वरून घातलेल्या साखरेतच धरली आहे, वेगळी नाही. मोठ्या माणसाने दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलं तर उत्तम असं त्यांचं म्हणणं, आणि बाबा नाश्त्याआधीच त्याच्या पुढे गेलेत.

११८ आणि ६.२ हे प्रीडायबेटिसचे, म्हणजे मधुमेहाच्या आधीच्या पायरीचे आकडे आहेत. फास्टिंग १०० ते १२५ आणि एचबीएवनसी ५.७ ते ६.४ ही ती पायरी, आणि इथून माणूस मागे फिरू शकतो, म्हणून तर डॉक्टरांनी गोळी न देता तीन महिने दिलेत. ते तीन महिने असे वाया जाऊ नयेत एवढंच मला वाटतं. मध साखरेपेक्षा किंचित हळू चढतो हे खरं आहे, पण किंचितच, आणि रिकाम्या पोटी पाण्यात विरघळवून प्यायला की त्याला अडवायला ना फायबर ना प्रोटीन.

आता फायदे. बाबांना सकाळी बरं वाटतं ना? पोट साफ होतं? ते खोटं नाहीये. रात्रभर सात-आठ तास पाणी नसतं, उठल्यावर ग्लासभर कोमट पाणी गेलं की पोट ताणलं जातं आणि आतड्यांना हलायचा इशारा मिळतो, हा शरीराचा ठरलेला प्रतिसाद आहे. ते पाण्याचं काम आहे, मध नसला तरी होतं. चरबी मात्र कुठल्याच पेयाने वितळत नाही. टॉक्सिन बाहेर काढायचं काम लिव्हर आणि किडनी चोवीस तास करतात, त्यांना मधाची मदत लागत नाही. कोलेस्टेरॉलबद्दल काही छोटे प्रयोग झालेत, थोडा फरक दिसलाय कुठे कुठे, पण मधाचं प्रमाण, प्रकार सगळं वेगवेगळं, त्यावरून रोज मध घ्या असं शुगर बॉर्डरवर असलेल्या माणसाला मी कधीच सांगणार नाही.

ज्या एका गोष्टीसाठी मधाला चांगला आधार आहे ती म्हणजे घसा आणि खोकला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये १४ अभ्यास एकत्र तपासले, त्यात सर्दी-खोकल्याच्या त्रासात नेहमीच्या उपचारांपेक्षा मधाने जास्त आराम पडलेला दिसला. तेव्हा मध बिनकामाचा आहे असं कुणी म्हणत नाहीये, त्याचं काम वेगळं आहे.

बाबांसाठी माझं म्हणणं : कोमट पाणी तसंच चालू ठेवा, लिंबू हवं तर पिळा, मध काढा. निदान पुढची तपासणी होईपर्यंत.

पहाटवारा

मला थोडं वेगळं सांगायचंय. मी बरेच महिने मधपाणी घेतोय आणि मला अतिशय फायदा झालाय, वजन उतरलं, ॲसिडिटी कमी झाली, दिवसभर ताजंतवानं वाटतं. माझे वडील घ्यायचे, आजोबा घ्यायचे, ते ऐंशीच्या पुढे जगले. प्रत्येक गोष्ट कॅलरीत मोजायला लागलो तर आपल्या घरातलं सगळंच चुकीचं ठरेल. पूर्वीचे लोक अनुभवाने सांगत होते आणि तो अनुभव एका लॅबमधल्या प्रयोगापेक्षा मोठा असतो असं मला प्रामाणिकपणे वाटतं. काकांना बरं वाटतंय तर त्यांचा तो आनंद का काढून घ्यायचा, एवढंच.

ताटवाटी

@पहाटवारा दादा, तुमचा अनुभव मी अजिबात खोडत नाही. फक्त एक विचारते, मधपाणी सुरू केलं तेव्हा त्याच्या जागी काय बंद झालं? माझ्याकडे येणाऱ्यांत मी हे नेहमी बघते, मधपाणी सुरू होतं तेव्हा सकाळचा तो साखरेचा चहा आणि त्याबरोबरची खारी, बिस्किटं, टोस्ट सुटतात, उठायची वेळ ठरते, फिरणं सुरू होतं. वजन त्याने उतरतं आणि नाव मधाचं होतं. चहा-बिस्किटांच्या जागी एक छोटा चमचा मध घातलेलं पाणी आलं, त्यात २० कॅलरी, तर तो चांगलाच बदल आहे आणि ज्याची शुगर नॉर्मल आहे त्याने जरूर घ्यावं.

आजोबांचं म्हणाल तर ते दिवसभरात किती चालत होते, काय खात होते तेही त्यात धरायला हवं. आणि त्यांच्या काळात मध वाटीभर घरात येणं हीच मोठी गोष्ट होती, दोन मोठे चमचे रोज कुणी पीत नव्हतं.

पहाटवारा

चहा बंद झाला हे बरोबर. खारी पण. मी एकच छोटा चमचा घेतो आणि माझी शुगर नॉर्मल आहे. दोन मोठे चमचे जास्तच आहेत, ते मला वाचताना लक्षात आलं नव्हतं.

गुळवेल

मी वैद्य आहे, आत्याबाईंच्या मुद्द्यावर लिहिते कारण त्यावर नेहमी अर्धंच सांगितलं जातं.

आत्याबाई म्हणतात ते ग्रंथात आहे. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या २६व्या अध्यायात विरुद्ध आहाराची यादी आहे, त्यात गरम केलेला मध येतो, आणि उन्हाने किंवा उष्णतेने हैराण झालेल्या माणसाला दिलेला मधही येतो. समप्रमाणात मध आणि तूप तेही त्यातच. कारण असं दिलंय की माश्या नाना प्रकारच्या फुलांवरून रस आणतात, त्यात विषारी फुलंही असतात, म्हणून मधाचं उष्णतेशी वैर. वाग्भटाने पुढे एक अपवाद सांगितलाय, वमन (औषधाने उलटी करवणं) आणि निरूह बस्तीत (काढ्याचा एनिमा) गरम द्रव्यांबरोबर मध चालतो कारण तो पचायच्या आत शरीराबाहेर येतो. म्हणजे त्या लोकांनी हा विचार किती बारकाईने केला होता ते बघा, नुसतं "विष होतं" म्हणून सोडलेलं नाही.

दुसरी बाजू, ज्या चरकात हे आहे त्याच सूत्रस्थानाच्या २१व्या अध्यायात स्थूल माणसाच्या उपचारात मध सांगितलाय. सुश्रुतांनी तर नवा मध आणि जुना मध असा फरक केलाय, नवा मध अंग भरणारा आणि जुना मध मेद कमी करणारा. म्हणजे आत्ता पेटीतून काढलेला ताजा ताजा मध बारीक व्हायला घेणं हे आयुर्वेदाच्या हिशोबानेही उलटं आहे, आणि बाटलीवर ह्या गोष्टी कुणी लिहीत नाही.

मग पाणी कसं घ्यायचं? मी पेशंटना सांगते, पाणी उकळा, गार होऊ द्या, बोट बुडवून आरामात ठेवता आलं पाहिजे इतकं कोमट झालं की मगच मध घाला. चटका बसत असेल तर मध नाही. चुलीवर पाण्याबरोबर मध उकळणं नाही, मायक्रोवेव्ह नाही, चहाच्या उकळीत नाही. कडक उन्हाळ्यात, तोंड आलेलं असताना, पित्ताने छातीत जळजळ होत असताना नको. कफाची प्रकृती, जड अंग, पावसाळी हवा, छातीत कफ, ह्यांना मानवतो.

आणि शुगरबद्दल : प्रमेहात (आयुर्वेदातला मधुमेहाच्या जातीचा आजार) मध सांगितलाय हे खरं, आणि ह्याच एका वाक्यावर लोक शुगरच्या पेशंटला मध विकतात. तिथे तो औषधाचा अनुपान, म्हणजे औषध ज्याच्याबरोबर घ्यायचं ते, आहे, हळद-आवळ्याच्या चूर्णाला चिकटण्यापुरता, मात्रा वैद्य ठरवणार. ग्लासात दोन मोठे चमचे हा अनुपान नव्हे. ६.२ असलेल्या माणसाला मी मधपाणी देत नाही. ताटवाटी ताई आणि मी वेगळ्या वाटेने येतोय पण मुक्काम एकच आहे.

ताटवाटी

@गुळवेल धन्यवाद, फार छान उलगडून सांगितलंत. मी फक्त लॅबच्या बाजूने एक भर घालते. मध तापवला किंवा फार दिवस उन्हात-गरमीत ठेवला की त्यात एचएमएफ नावाचा पदार्थ वाढतो. आपल्या एफएसएसएआयने, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने, किलोमागे ८० मिलिग्रॅमची मर्यादा घातलीय. "मध गरम केला की विष" असं आजकाल शास्त्राच्या नावाने जे फिरतं ते बहुतेक ह्या एचएमएफवरून. पण कोमट पाण्यात दोन-चार मिनिटं राहिलेल्या चमचाभर मधात तो काही एवढा तयार होत नाही, त्याला जास्त तापमान आणि वेळ दोन्ही लागतं. भाजलेल्या कॉफीत तो मधापेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून बाबांनी इतके महिने गरम पाण्यातून घेतलं त्याने काही विषबाधा झालीय अशी भीती मनातून काढून टाका. खूप गरम पाण्याने जातात ती मधातली एन्झाइम आणि वास, म्हणजे ज्यासाठी महागाचा मध आणला तेच.

हिरडा_जांभूळ

राम राम. मी महाबळेश्वर तालुक्यातला, घरात आजोबांपासून पेट्या आहेत. मधाबद्दल बोलणं चाललंय तर दोन शब्द, जरा लांबेल.

पोळ्याच्या आत माश्या स्वतःच ३४-३५ डिग्री ऊब ठेवतात, बाहेर कितीही गारठा असू दे. त्यामुळे कोमट म्हणजे किती ह्याचं उत्तर आमच्यासाठी सोपं आहे, त्याच्या थोडं वर चालेल, हाताला सोसेल तेवढं. पण एक गोष्ट लोकांना माहीत नसते. दुकानातला बराचसा मध बाटलीत यायच्या आधीच तापवलेला असतो. आमच्या सातेरी माशीच्या मधात पाणी जास्त असतं, सरकारी नियमात २० टक्क्यांच्या वर चालत नाही, आणि जास्त असलं की मध आंबतो, फेस येतो. म्हणून तो ६० डिग्रीच्या आसपास तापवून, गाळून, पाणी उडवून भरतात. त्यात लबाडी काही नाही, टिकायला तसं करावंच लागतं. पण ज्याला कच्चा मध पाहिजे त्याने विकणाऱ्याला सरळ विचारावं, तापवलाय का, कुठल्या फुलोऱ्याचा, कधी काढलाय. चांगला माणूस सांगतो.

फुलोऱ्यावर सगळं आहे बघा. आमच्याकडे गेळा, मग मार्च-एप्रिलला जांभूळ, त्यानंतर हिरडा, आणि सात-आठ वर्षांनी कारवी फुलते तेव्हा कारवीचा घट्ट गडद मध. प्रत्येकाची चव वेगळी, रंग वेगळा, जांभळाला शेवटी किंचित कडवटपणा लागतो. आग्या माशीचा मध रानातला, तो पोळं पिळून काढला तर त्यात अंडी-अळ्यांचा रस उतरतो आणि लवकर खराब होतो, आणि पोळं पण संपतं. पेटीतल्या चौकटी यंत्रात फिरवून काढला तर मेण तसंच राहतं, माश्या परत भरतात. म्हणून मांघरला, आमच्या शेजारचं गाव, तिथे घरोघरी पेट्या आहेत. मे २०२२ मध्ये ते देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. नंतर भुदरगड तालुक्यातलं पाटगाव पण झालं. कधी आलात तर बाटली घेण्यापुरतं न येता पेट्या बघायला या, माश्या किती खपतात ते कळतं, एक माशी आयुष्यभर राबून छोटा चमचाभरही मध करत नाही.

भेसळीचं : २०२० च्या डिसेंबरला दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने १३ ब्रँडचे २२ नमुने तपासले, त्यातले ५ च सगळ्या चाचण्यांत पास झाले. तांदळाचा वगैरे असा पाक मिळतो की आपल्या नेहमीच्या चाचण्यांत तो पकडलाच जात नाही, त्याला एनएमआर नावाची महागडी तपासणी लागते. मग घरी पाण्यात थेंब टाकून, काडेपेटी पेटवून, अंगठ्यावर ठेवून, कागदावर टाकून काय कळणार. घट्ट पाक पण पाण्यात तसाच तळाला जातो. आणि खरा पातळ सातेरी मध ह्या टेस्टमध्ये "नकली" ठरतो ते वेगळंच दुःख.

मध गोठला, साखरेसारखा दाणेदार झाला की लोक आम्हाला फोन करून बोलतात की साखर घातलीत. गोठणं हा मधाचा स्वभाव आहे. ज्यात ग्लुकोज जास्त तो लवकर गोठतो, मोहरीचा मध तर थंडी पडली की घट्ट होतोच. बाटली कोमट पाण्यात ठेवा, सुटतो. गॅसवर ठेवू नका.

घाटमाथा_कराड

बापरे, तुम्ही सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंत, खूप खूप आभार. सगळ्यात आधी सांगते, चिमूटभर_हळद ताई, वहिनीला लगेच फोन केला, बाळाला अजून काही दिलेलं नव्हतं. आईला पण समजावलं, तिला वाईट वाटलं थोडं पण ऐकलं तिने, उलट शेजारच्या सुनेलाही सांगून आली.

बाबांना ताटवाटी ताईंचा चमच्यांचा हिशोब वाचून दाखवला. गप्प बसून ऐकलं. मग म्हणाले ठीक आहे, साधा मध बंद, पण मी जांभळाचा मध मागवतो, जांभूळ शुगरवर चालतं ना. त्यांच्या ग्रुपमधल्या एकाने तसा मागवलाय, बाटलीवरच म्हणे मधुमेहींसाठी असं छापलंय. आता ह्याला काय उत्तर देऊ? शिवाय आईच्या गोळीचं राहिलं.

हिरडा_जांभूळ

ताई, हे मीच सांगतो कारण आम्ही तोच मध विकतो. जांभळाचा मध म्हणजे जांभळाच्या फुलातला रस माशीने आणून केलेला मध. त्यात जांभळाचं फळ नाही, बी तर नाहीच. लोक शुगरला जांभळाच्या बियांची पावडर घेतात ती वेगळी, आणि तिच्याबद्दलही डॉक्टरांना विचारूनच. फुलातल्या रसात साखरच असते, त्यावरच माशी जगते, म्हणून जांभळाचा मध असो हिरड्याचा असो, तो गोडच आहे आणि शुगर वाढवणारच. चव सुंदर असते, त्यासाठी घ्या. जो कोणी औषध म्हणून शुगरवाल्याला विकतोय तो त्या माणसाचं नुकसान करतोय, आणि आम्ही जे इमानदारीने विकतो त्यांचं नाव पण त्याच्याबरोबर जातं, ह्याचा मला फार राग येतो.

काकांना म्हणावं महिन्यातून कधीतरी भाकरीला तुपाबरोबर अर्धा चमचा लावून खा जांभळाचा मध, जेवणात, डॉक्टर हो म्हणाले तर. पाण्यात घालून रोज प्यायला तो मध नाही.

औषधीदुकान

मी फार्मासिस्ट, आईंच्या गोळीबद्दल लिहितो. थायरॉईडची ती गोळी उपाशीपोटी, फक्त साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काहीही नको, चहा नाही, दूध नाही, मधपाणीही नाही. नाहीतर ती नीट शोषली जात नाही आणि मग टीएसएच (थायरॉईडच्या तपासणीतला आकडा) वरखाली होत राहतं, डॉक्टर डोस वाढवतात आणि खरं कारण ग्लासात असतं. आईंना मधपाणी प्यायचंच असेल तर गोळीनंतर पूर्ण तासाने, एक छोटा चमचा, त्यांची शुगर नॉर्मल असेल तर. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर ती थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब.

दुसरं, काकांची पुढची तपासणी असेल त्या सकाळी साध्या पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. आमच्याकडे कितीतरी लोक येतात ज्यांना मधपाणी म्हणजे "खाणं" वाटतच नाही, ते पिऊन फास्टिंगचं रक्त देतात. ११८ च्या दिवशी काकांनी काय घेतलं होतं ते एकदा विचारा. एचबीएवनसी मात्र मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यावर एका सकाळचा परिणाम होत नाही, त्यामुळे ६.२ हा आकडा खराच धरायचा.

तिसरं लिंबाचं. रोज लिंबूपाणी चघळत चघळत हळूहळू पिणाऱ्यांच्या दातांवरचं आवरण झिजतं, थंड-गरम झोंबायला लागतं. पटकन प्या, साध्या पाण्याने चूळ भरा आणि लगेच ब्रश करू नका, अर्धा तास जाऊ द्या. कारण आंबटाने आवरण मऊ झालेलं असतं, त्यावर ब्रश घासला तर जास्त जातं.

घाटमाथा_कराड

विचारलं आत्ताच. त्या दिवशी मधपाणी पिऊनच गेले होते लॅबला! म्हणे उपाशीच होतो, नुसतं पाणी प्यायलो. म्हणजे ११८ वर विश्वास ठेवायचा की नाही? बाबा तर एकदम खूश झालेत की शुगर नाहीच आहे मला.

औषधीदुकान

खूश होऊ नका म्हणावं अजून, ६.२ तसंच आहे. फास्टिंग परत करून घ्या, रात्रीच्या जेवणानंतर आठ ते दहा तास फक्त साधं पाणी, आणि डॉक्टरांना सांगा की मागच्या वेळी मध घेतला होता, त्यांना हे माहीत असायला हवं. त्याच दिवशी जेवणानंतर दोन तासांची पण करा.

आणि काकांना कारण लागतं ना, मग घरी ग्लुकोमीटर असेल किंवा कुणाचा मिळाला तर एक दिवस सकाळी साधं कोमट पाणी पिऊन एका तासाने बोट टोचून बघू दे, आणि दुसऱ्या कुठल्या दिवशी त्यांच्या नेहमीच्या दोन चमच्यांनंतर एका तासाने. मधे काही खायचं नाही. आकडे वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहावेत आणि ती वही डॉक्टरांकडे घेऊन जावी.